सतराव्या मिक्सनंतर

वाचकाचं पत्र, जरा आटोपशीर करून:

“काका, मी २८ वर्षांचा आहे. चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पाळ्या असतात. चिंचवडला आईबरोबर राहतो. गेली चार वर्षं एकट्याने ब्लॅक मेटलचा, म्हणजे किंचाळत गायच्या काळोख्या रॉकचा, अल्बम करतोय. गिटार, बेस, शब्द, गायन सगळं माझं, ड्रम्स कॉम्प्युटरवर. सात गाणी, बेचाळीस मिनिटं. सहा इंग्रजी, एक मराठी. सगळे आवाज एकत्र जुळवायचं सतरावं मिक्स चालू आहे आणि अजून कळत नाही की हे ‘रॉ’, म्हणजे मुद्दाम ओबडधोबड, आहे की नुसतंच वाईट. मराठी गाण्यात चौथ्या मिनिटाला कुकरची शिट्टी आलीय, पण तो टेक पुन्हा तसा जमत नाहीये. आईने मला एकदा कपाटात तोंड घालून किंचाळताना ऐकलं, तेव्हापासून मावशीबरोबर कुठल्या तरी महाराजांकडे जायचं चाललंय. शिवाय स्थळं बघणं सुरू आहे. ज्याचं ऐकून मी हे शिकलो तो माणूस खुनी आहे, त्याचं नाव आभारात घालू का? टोपणनाव घेऊ का? नोकरी सोडून सहा महिने यालाच द्यावेत का? हल्ली गाऊन झालं की थुंकीत रक्ताचा डाग दिसतो. कधी कधी वाटतं, हा अल्बम झाला की पुढे काही उरणारच नाही. दोन गाणी आणि कव्हर जोडलंय. – रात्रपाळीवाला”

रात्रपाळीवाल्या,

काका म्हणालास, म्हणून सरळ अरेतुरे करतो. एवढे प्रश्न विचारलेस, त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी तू शेवटी उरकल्यास. पेशंट दवाखान्यातून निघताना चपला घालत म्हणतो ना, “आणि हो, छातीतही जरा दुखतं,” तसं. मी तिथूनच सुरू करतो.

रक्त येतंय, तर गाणं आजपासून बंद. या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा आणि तिथे लाजत “जरा ओरडतो” असं सांगू नकोस. नेमकं सांग: रात्रपाळीवरून आल्यावर, झोप न घेता, दिवसाआड तासभर, कपाटात. स्वरतंतूंवर गाठी कीर्तनकारांना येतात, शाळेतल्या बाईंना येतात, भाजी विकणाऱ्यांना येतात. दुर्बिणीतून बघितलं की लगेच समजतं. तुझ्या संगीतात रक्त म्हणजे मोठा मान वगैरे समजतात हे मला ठाऊक आहे, पण ज्यांना ही किंचाळी वर्षानुवर्षं काढायची असते ते ती जोर लावून काढत नाहीत. खऱ्या स्वरतंतूंच्या वर जे दोन पडदे असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्यांतून अनेकजण ती खर काढतात. प्रत्यक्ष खोलीत तो आवाज ऐकलास तर तुला आश्चर्य वाटेल इतका तो लहान असतो. त्याला राक्षस बनवतो तो माइक. तुझ्या गाण्यांत उलटं झालंय. तू स्वतःच राक्षस झालायस आणि माइकचा गेन, म्हणजे आवाज उचलायची पातळी, शून्याजवळ ठेवलायस.

दुसरं, “पुढे काही उरणारच नाही.” याचे दोन अर्थ होतात. मोठं काम संपत आलं की पोटात खड्डा पडतो, तो एक. दुसरा अर्थ असेल, म्हणजे जीव नकोसा होतो, तो संपवायचे विचार येतात, तर ते मला स्पष्ट कळव. सरळ विचारतोय, कारण विचारल्याने असले विचार वाढत नाहीत, थोडे हलके होतात. आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसू नकोस. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तुझ्या या संगीताला मरणाभोवती आरास मांडायची खोड आहे. मेहेम या नॉर्वेच्या बँडच्या गायकाने एप्रिल १९९१मध्ये आत्महत्या केली, तेव्हा बँडमधल्याच माणसाने पोलिसांना कळवण्याआधी फोटो काढले, आणि पुढे त्यातला एक कुठल्याशा चोरट्या रेकॉर्डचं कव्हर झाला. लोक अजून त्यात काव्य शोधतात. तो मुलगा बावीस वर्षांचा होता, बास.

आता गाणी.

दोन्ही ऐकली. एकदा हेडफोनवर, एकदा स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर. दुसऱ्या वेळी बायको आतून म्हणाली, “मिक्सरचं भांडं नीट बसलेलं नाहीये.” हे तुला लागू नये म्हणून सांगतो की ती माझ्या सगळ्याच आवडींबद्दल असंच बोलते.

इंग्रजी गाण्यात बर्फ आहे, लांडगे आहेत, उत्तरेकडचा अनंत हिवाळा आहे. गिटार तू सफाईने वाजवतोस. पण बाळा, तू बर्फ पाहिलायस तो रसवंतीगृहातला, लाकडाच्या भुशात ठेवलेला. त्या गाण्यातला एकही शब्द तुझ्या घरचा नाही आणि ते ऐकू येतं. मराठी गाणं, ‘बुडीत’, सुरू झालं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. तुझ्या आजोळचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, एवढंच तू पत्रात एका वाक्यात लिहिलंयस. गाण्यात मात्र पूर्ण नऊ मिनिटं पाणी चढत जातं. “पाण्याने उंबऱ्याला विचारलं नाही” ही ओळ तू किंचाळतोस तेव्हा ती निम्मी कळत नाही, आणि कळते तेवढी पुरते.

धरण १९८० साली पूर्ण झालं, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या वर्गात अचानक एक मुलगा आला, त्याला सगळे ‘धरणग्रस्त’ म्हणूनच हाक मारायचे. त्याचं खरं नाव मला आज आठवत नाही, याची लाज वाटते. पाणी खूप उतरतं त्या उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि पुण्याहून लोक गाड्या घेऊन फोटो काढायला जातात. तुझ्या आईसारख्यांना त्या देवळाच्या पायऱ्या किती होत्या ते पाठ असेल. आणि हे सगळं घरात असताना तू सहा गाणी उसन्या बर्फावर करतोस!

ज्यांचं ऐकून तू हे करतोस त्या नॉर्वेच्या पोरांनी काय केलं ते नीट बघ. त्यांना बर्फ आणायला कुठे जावं लागलं नाही, तो त्यांच्या परसात पडायचा. चर्चवरचा रागही तिथलाच होता, अगदी बरोबर पत्त्यावर पाठवलेला: तिथलं चर्च २०१२पर्यंत राज्यघटनेनुसार सरकारी चर्च होतं. विंडिर हा बँड घे. सोग्नदालच्या वाल्फार या मुलाने तो एकट्याने सुरू केला. १९९७च्या पहिल्या अल्बमवर ड्रम्सला दुसरा माणूस होता, बाकी जवळजवळ सगळं त्याचं. त्याने शब्द लिहिले ते ऑस्लोच्या प्रमाण भाषेत नव्हे, आपल्या खोऱ्याच्या बोलीत, आणि अल्बमला नाव दिलं ते त्या खोऱ्याचंच जुनं नाव. जगभरातली पोरं ती बोली न समजता मान हलवतात. मग इंदापूरकडची बोली कुणाला कळेल, ही काळजी तू का करावीस? कोलकात्याच्या हीथन बीस्ट या बँडसारखी मंडळी इथल्याच धर्मकारणावर, इथल्याच दंगलींवर गाणी करतात. उलटा क्रूस चिंचवडमध्ये लटकवून कुणाला राग येणार आहे? तुझ्या शेजाऱ्यांना तो पतंगाचा सांगाडा वाटेल.

सहा इंग्रजी गाणी फेकून दे असं म्हणत नाही. त्यातली बाकीची मी ऐकलेलीही नाहीत. पण सातांपैकी ज्यात तू आहेस तेवढीच ठेव. चार उरली तर चार. पंचवीस मिनिटांचा अल्बम कुणाला लहान वाटत नाही. बेचाळीस मिनिटांचा, ज्यात सतरा मिनिटं नुसती हवा आहे, तो लांब वाटतो.

रॉ की वाईट, हा तुझा मुख्य प्रश्न. यावर मला एक गोष्ट सांगू दे, कारण माझी उमेद याच धंद्यात गेली. नव्वदीत मी पेठेतल्या एका लहानशा स्टुडिओत भजनांच्या कॅसेटी रेकॉर्ड करायचो. भिंतींना गाद्या, दाराला घोंगडी, ट्रॅफिक थांबला की टेक. एकदा एका बुवांचं रेकॉर्डिंग झालं, टेपवर हिस, म्हणजे मागची सूं सूं, बराच होता. मी नवा नवा हुशार. कॉपी काढताना मशीनचं डॉल्बीचं, म्हणजे हिस कमी करायचं, बटण दाबलं. मूळ टेप डॉल्बीशिवाय केलेली असेल आणि वाजवताना डॉल्बी लावलं तर हिस जातो खरा, पण त्याच्याबरोबर वरचे सगळे सूरही बसतात. बुवांनी कॅसेट ऐकली, डोळे उघडले आणि शांतपणे विचारलं, “टाळ कोणी नेले?”

तर हिस हा दोष आहे का? टाळ ऐकू येत असतील तर नाही.

ब्लॅक मेटलच्या ‘वाईट’ आवाजाबद्दल जी दंतकथा आहे तीत एक गंमत लपलेली आहे. बर्झम, मेहेम, इममॉर्टल, एम्परर या नॉर्वेच्याच बँडांचे सुरुवातीचे कितीतरी अल्बम रेकॉर्ड झाले ते बर्गनच्या ग्रीगहालेनमध्ये. हा कुणाचा तळघरातला गाळा नव्हे. हे त्या शहराचं मोठं संगीतगृह आहे, संगीतकार एडवर्ड ग्रीगच्या नावाचं, तिथल्या सिंफनी वाद्यवृंदाचं घर. आणि खुर्चीवर बसलेला माणूस होता पिटेन नावाचा अनुभवी रेकॉर्डिस्ट. म्हणजे ज्या आवाजाला तू जंगलातला समजतोस तो चांगल्या जागेत, चांगल्या कानांच्या देखरेखीखाली निवडून खराब केलेला आहे. बर्झमवाल्याने १९९३च्या रेकॉर्डिंगला सगळ्यात टाकाऊ माइक मागितला आणि त्याला हेडसेट मिळाला, गिटार भावाच्या स्टिरिओतून वाजवली, असं तो स्वतःच सांगतो. ज्याच्यासमोर बरे माइक असतात त्याने टाकाऊ माइक मागणं ही निवड झाली. तुझ्याकडे एकच माइक आहे आणि तो टाकाऊ निघाला, तर ती परिस्थिती. परिस्थितीतूनही चांगलं निघतं. स्वीडनच्या बाथोरी या बँडचा १९८४चा पहिला अल्बम स्टॉकहोममधल्या गॅरेजमध्ये थाटलेल्या स्टुडिओत झाला. पण त्या गॅरेजमध्येही रिफ, म्हणजे गिटारची फिरून फिरून येणारी ओळ, मात्र गुणगुणता येईल असाच होता.

नॉर्वेच्याच डार्कथ्रोन बँडच्या फेनरिझने १९९३च्या अखेरीस चार ट्रॅकच्या मशीनवर सगळी वाद्यं स्वतः वाजवून एक अख्खा अल्बम केला. तो पुढच्या वर्षी आला. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. पण तो ऐकताना पेन्सिल घेऊन बसलास तर प्रत्येक सूर लिहून काढता येतो. चार ट्रॅक म्हणजे काय हे तुझ्या पिढीला समजावं म्हणून सांगतो: एक ड्रम्सला दिला, दोन गिटारला दिले की उरतो एक. मग काय ठेवायचं हे आधीच ठरवावं लागतं. तुझ्या ‘बुडीत’च्या फाइलमध्ये किती ट्रॅक आहेत? मला गिटारीच सहा ऐकू आल्या. तुझी अडचण गरिबीची नाही रे, श्रीमंतीची आहे.

म्हणून, तू कॉम्प्युटरसमोर बसशील तेव्हा: गिटारी दोनच ठेव, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि दोन्ही खरोखर वेगवेगळ्या वाजवलेल्या. एकाची कॉपी दुसरीकडे नको. गिटारीचा साधारण शंभर हर्ट्झखालचा भाग कापून टाक, तिथे बेसने राहायचं असतं आणि तुझा बेस सध्या बेघर आहे. डिस्टॉर्शनचा, म्हणजे गिटारच्या खरखरीचा, गेन आत्ता आहे त्याच्या दोनतृतीयांशावर आण. ट्रेमोलो पिकिंगमध्ये, म्हणजे एकाच सुरावर भराभर तार छेडताना, प्रत्येक ठोका तारेवर पडताना ऐकू यावा लागतो. गेन फार झाला की ठोके एकमेकांत विरघळतात आणि उरतो तो पावसात सुरू राहिलेला टीव्ही. कानाला टोचतं ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास. तिथे दोन-तीन डेसिबल कमी कर, पण पूर्ण काढू नकोस. या संगीताला ते टोचणं हवंच. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवरचा दोरा सरकवतात ना, सूर एका जागी नुसता गोड होतो, एका जागी खरखरतो, आणि मधे कुठेतरी तो बोलायला लागतो, तसा तुझा नॉब सरकव. (ही तुलना मी एका शास्त्रीय गायकांसमोर केली होती. त्यांनी पुढे माझ्याशी दोन महिने अबोला धरला. तरी माझं म्हणणं तेच: जवारी काय, डिस्टॉर्शन काय, दोघांचं काम सुराच्या वरच्या स्वरांना जागं करणं.)

ड्रम्स. तुझा ब्लास्ट बीट, म्हणजे तो ड्रम्सचा अखंड वेगवान मारा, यंत्राचा आहे हे लगेच कळतं, कारण प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा आहे. माणसाचा हात इतक्या वेगात दमतो. डावा उजव्याहून हलका पडतो, आठव्या मात्रेला जीव एकवटून जोर येतो. ते आकडे एकेक करून हाताने बदल. कंटाळवाणं काम आहे, दोन रात्री लागतील. चार वर्षांत तू जे केलंस त्यापेक्षा या दोन रात्रींनी जास्त फरक पडेल. आणि शेवटी सगळं दाबून दाबून मोठं करू नकोस. स्पॉटिफाय ठरलेल्या पातळीला, साधारण उणे १४ लफ्सला (हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप), ते खालीच आणतं. म्हणजे तुझा मोठेपणा जातो आणि चेपलेपणा तेवढा उरतो.

हे झालं की एक कर. तिसरं मिक्स, सतरावं मिक्स आणि हे नवं, तिन्ही एखाद्या मित्राला दे. त्याने नावं बदलून क, ख, ग करून द्यावीत. हळू आवाजात ऐक. कुठलं पुन्हा लावावंसं वाटतं तेवढंच बघ. माझी पैज तिसऱ्यावर किंवा नव्यावर आहे. चौथं ते सतरावं या चौदा फेऱ्यांत माणूस गाणं ऐकत नसतो, स्वतःच्या चुका मोजत असतो.

मित्राचा विषय निघालाच आहे. तुझ्या पत्रात ‘एकट्याने’ हा शब्द मोठ्या अभिमानाने आलाय. तुझा तो आदर्श, बर्झमवाला वार्ग विकर्नेस, एकट्याच्या ब्लॅक मेटलचा म्हणून जगभर मिरवला जातो, त्याच्या पहिल्या अल्बमची कथा तुला माहीतच असेल, तरी पुन्हा बघ. जानेवारी १९९२, ग्रीगहालेन. रेकॉर्डिंगला पिटेन. एका गाण्यात गिटारचा सोलो वाजवला तो मेहेमच्या युरोनिमसने. त्याच मार्चमध्ये अल्बम काढला तोही युरोनिमसच्याच लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने. म्हणजे ‘एकट्या’च्या अल्बममागे निदान दोन माणसं उभी होती. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १९९३च्या पहाटे, त्याच युरोनिमसला त्याने ऑस्लोत भोसकून मारलं. १९९४मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली, त्यात चर्च जाळल्याचे गुन्हेही होते. २००९मध्ये तो सुटला. २०१४मध्ये फ्रान्सच्या कोर्टाने त्याला वंशद्वेष पसरवल्याबद्दल पुन्हा दोषी ठरवलं.

त्याचं नाव आभारात घालायचं का? नको. हे उत्तर मी फार विचार करून देत नाहीये. आभार कुणी काही केल्याचे मानतात, आणि या माणसाने तुझ्यासाठी काहीही केलेलं नाही. उलट, तो वंशांची जी उतरंड सांगतो तिच्यात तुझ्या-माझ्यासारख्यांना कुठल्या पायरीवर बसवलं जातं ते वाचून बघ, आणि मग ठरव की आपल्या कव्हरवर त्याला पाट मांडायचा का. त्याच्याकडून तू काय घेतलंस ते तुझ्या रिफमध्ये ऐकू येतंच. कुणी विचारलं तर लपवू नकोस, “हो, ऐकलं, शिकलो, माणूस नालायक आहे” असं सांग. ऐकणं सोडायचं की नाही हा तुझा प्रश्न. मी एका गायकाच्या टेपा फेकल्या आणि दुसऱ्याच्या, ज्याचं वागणं काही बरं नव्हतं, अजून रात्री लावतो. यात माझा काही नियम नाही, आणि असल्याचं सोंगही मी आणणार नाही.

नोकरी सोडू नकोस. फेनरिझ, ज्याच्या चार ट्रॅकच्या मशीनबद्दल वर सांगितलं, नॉर्वेच्या टपाल खात्यात नोकरी करत राहिला. वर आपल्या गावच्या नगरपालिकेत पर्यायी सदस्य म्हणून निवडूनही आला. प्रचाराचा फोटो मांजर हातात घेऊन, आणि वर विनंती: मला मत देऊ नका. चाकणची पाळी तुझ्या अल्बमच्या आड येत नाहीये, सतरावं मिक्स येतंय. सहा महिने मोकळे मिळाले तर तू चाळिसावं करशील. तीन दिवस हक्काची रजा काढ, त्यातला एक दिवस झोप.

टोपणनाव अवश्य घे, या घराण्याची ती रीतच आहे. कायद्याने काही बिघडत नाही. आपल्याकडे कॉपीराइट निर्मितीबरोबर आपोआप येतो, नोंदणीची सक्ती नाही. फरक मुदतीत. आपल्या नावाने केलेली संगीतरचना मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित राहते, टोपणनावाची मात्र प्रसिद्धीपासून ६० वर्षं. त्या मुदतीत खरं नाव जाहीर केलं तर पुन्हा पहिला नियम. एवढ्या लांबचं बघायचं नसेल तर निदान प्रोजेक्टच्या मूळ फायली तारखांसकट दोन ठिकाणी ठेव, आणि जिथून पैसे यायचे तिथे खरं नाव दे. बँकेला ‘काळोखाचा अधिपती’ चालत नाही.

पैशांचंही लगेच सांगतो, म्हणजे स्वप्नं नकोत. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला वर्षभरात हजार वेळा ऐकणारे मिळाले नाहीत तर २०२४पासून त्याचा पैसाच मिळत नाही. बँडकॅम्प बरं: डिजिटल विक्रीवर १५ टक्के ते घेतात, उरलेल्यातून पैसे पोचवण्याचा खर्च जाऊन बाकीचं तुझं. मात्र पैसे पेपॅलमार्फत येतात, आणि पेपॅलने भारतातल्या भारतात व्यवहार करणं १ एप्रिल २०२१पासून बंद केलंय. पोलंडचा पोरगा विकत घेईल, पिंपरीच्या पोराची पंचाईत होईल. त्याच्यासाठी पन्नास कॅसेटी काढ, क्यूआर कोड दाखवून हातोहात वीक. हो, कॅसेटीच. या संगीतात त्यांना अजून किंमत आहे आणि हिसही फुकट मिळतो. डॉल्बीचं बटण दाबू नकोस.

कव्हरबद्दल विचारलं नाहीस, पण जोडलंयस. लोगो वाचता येत नाही, ते ठीक, तो वाचता येऊ नये असाच असतो. मागे मात्र कुठल्यातरी परदेशी डोंगराचा फोटो आहे. बाथोरीच्या पहिल्या कव्हरवर बोकडाचं तोंड सोनेरी हवं होतं, ती छपाई परवडेना, म्हणून पिवळा वापरला आणि तो भलताच हळदीचा निघाला. पुढच्या छपाईत रंग बदलला. आज तीच पहिली हजार पिवळी कव्हरं लोक शोधत फिरतात. तू मे महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, बस पकडून पळसदेवला जा. पाणी उतरलेलं असेल तर जे दिसेल ते साध्या मोबाइलने काढ. नसेल उतरलं तर नुसत्या पाण्याचा फोटो काढ. तोही खरंच पुरेसा आहे.

आणि जाताना आईला बरोबर ने.

तिचं मी शेवटी ठेवलं, कारण तुझ्या पत्रात ती फक्त अडथळा म्हणून येते. तिच्या बाजूने बघ. नवरा नाही, एकुलता मुलगा पहाटे घरी येतो, कपाट उघडून आत किंचाळतो, बाहेर येऊन गप्प जेवतो. ती महाराजांकडे जाणार नाही तर कुठे जाईल? तिला “आई, ही एक संगीताची शैली आहे” असलं काही समजावत बसू नकोस, ते माझ्या बायकोलाही पटलेलं नाही. तिला एवढंच सांग की मी तुझ्या गावावर गाणं केलंय. मग शब्दांचा कागद वाचायला दे. गाणं नंतर लाव, तेही हेडफोनवर नको, खोलीत, स्पीकरवर, हळू. तिला आवडणार नाही. “एवढं चांगलं लिहिलंस आणि ओरडतोस कशाला?” असं ती म्हणेल. तेव्हा वाद घालू नकोस, विचार: पाणी आलं तेव्हा तुमच्याकडे कुणी ओरडलं होतं का? ती काय सांगेल ते मला माहीत नाही. रेकॉर्डर चालू करू नकोस, नुसतं ऐक. उद्या तिचा आवाज अल्बमवर घ्यावासा वाटला तर पुन्हा वेगळं विचार, आणि ती नाही म्हणाली तर नाही.

स्थळांचं सोपं आहे. “छंद काय?” असं विचारलं की “संगीत” म्हण. पुढे “कुठलं?” विचारणारी मुलगी भेटली तर दोघं बाहेर कॉफीला जा.

तारीख ठरव. डॉक्टर गायची परवानगी देतील त्या दिवसापासून चार महिने. मला कळव, मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो आणि त्या दिवशी फोन करून त्रास देतो.

राहिली कुकरची शिट्टी. मी ती जागा पाच-सहा वेळा ऐकली. ड्रम्स थांबलेत, एकच गिटार उरलीय, मागे भिंतीपलीकडे शिट्टी होते आणि तुझा हात क्षणभर अडखळतो, मग पुन्हा चालू होतो. त्यानंतरचा रिफ आधीपेक्षा सावकाश आहे, तुला ते कळलेलंही नसेल. म्हणून तो टेक पुन्हा जमत नाहीये. शिट्टी पुसू नकोस. आणि आभाराची यादी करायचीच असेल तर तिच्यात एक ओळ घाल: कुकर – आई.

– काका